तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी

गेल्या रविवारी माहेरी गेले होते, ब्राह्मणपुरीजवळच्या आमच्या गावी... तेव्हापासून डोकं तापलेलंच आहे.

भाऊ नदीकाठचं वावर केळीसाठी सपाट करत होता. वावराच्या कडेला मातीचा एक जुना उंचवटा आहे, गावात त्याला पांढरी म्हणतात. जेसीबीने तो कापता कापता दोन मडकी निघाली... मोठी, आडवी, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावलेली.

"सोनं ऱ्हाई त्यामां," कुणीतरी म्हणालं आणि बघता बघता गाव जमलं, मोबाइल निघाले. मी काही बोलायच्या आत आमच्या चुलत काकांनी पहारीने एक मडकं फोडलंसुद्धा. काका निवृत्त मुख्याध्यापक आहेत बरं का.

सोनं नव्हतं. माती होती, आणि मातीत काडीएवढ्या बारीक बरगड्या... मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे लगेच ओळखलं. तान्हं बाळ होतं ते.

आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना तिथूनच फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. हजारो वर्षांपूर्वी इकडे राहणारे लोक गेलेलं बाळ गावाबाहेर नेत नसत, असं दोन मडक्यांत निजवून घरातच जमिनीखाली पुरत... हे बहुतेक त्यातलंच, काहीही हलवू नका, म्हणाले.

मी हे सगळ्यांना ओरडून सांगितलं. त्यावर काका काय म्हणाले? "मंग सोनं दुसरामां ऱ्हाई." आणि पहार घेऊन दुसऱ्या मडक्याकडे वळले. एक जण तर त्या बरगड्यांशेजारी बसून सेल्फी काढत होता. पुरातत्त्व खात्यातल्या ओळखीच्या एका अधिकाऱ्यांना फोन लावला, तर ते म्हणे सोमवारी अर्ज द्या...

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. तिने वाकून पाहिलं, किटली तिथेच ठेवली आणि खड्ड्यात उतरली. भावाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि त्या हाडांवर पांघरला.

"कोन्हं तरी पोर शे हाई. आते कोनी हात लावानं नई."

आवाज चढवला नाही. पण काकांसमोर वहिनी आजवर कधी तोंड उघडून बोललेली नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. काकांनी पहार खाली ठेवली. भावाने जेसीबी बंद करायला लावला.

आता तिथे बाभळीच्या काट्यांचं कुंपण आहे. सरांनी अर्ज दिलाय, अजून कुणी फिरकलेलं नाही. तेवढ्या तुकड्यात केळी लागणार नाही म्हणून भाऊ कुरकुरतोय... कुरकुरू दे.

लोभाचा राग आहेच. पण बाळ आहे हे कळल्यावरही आपल्या माणसांचे हात थांबले नाहीत, तो राग काही केल्या जात नाही.

कुण्या काळी एका आईने त्याला घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. तिला आता सांगता येणार नाही, म्हणून तिच्या वतीने मी सांगते... वहिनी, तुझे आभार.