ताराबायची ‘पावली’

पोदेराचा भोंगा दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा मला कळलं, की न्हाणीत पडून मला एक अख्खा दिवस आणि एक रात्र झाली. पोदेर सायकलवरून पाव विकत रोज सकाळी एकदाच येतो. माझ्या दारात थांबत नाही, कारण मी भाकरी खाते. उजवा पाय मांडीपासून हलत नव्हता. बाल्दीतलं पाणी हाताला लागत होतं, म्हणून घसा ओला राहिला. आदल्या सकाळी आमच्या महिला मंडळाच्या नंदाने पलीकडच्या घरी दिलेली हाक मला ऐकू आली होती. माझी तिला गेली नाही. ती माझ्या दारावरून सरळ पुढे गेली.

दुपारी न्हाणीच्या खिडकीबाहेर चपला वाजल्या.

“सत्यभामे, आसा गो तूं?”

“आसा. अजून मेलें ना. दार फोड.”

“बरें जालें,” तारा म्हणाली. “कागदार तूं मेल्या.”

पाय मोडलेल्या बाईला हे सांगायची काय गरज होती, असं इस्पितळातल्या नर्सने मला नंतर विचारलं. तारा तशीच होती. जे असेल ते आधी सांगायची, मग माणसाला उचलायची.

ताराबाय आमच्या मंडळाची चिटणीस. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, उंच, आवाज फाटका. आमचं गाव सुर्ल्याच्या वाटेवर. खाणी चालू होत्या तेव्हा घराघरातले पुरुष मालाच्या ट्रकांवर होते. खाणी बंद झाल्या, पोरं कामाला बाहेर गेली, आणि घरांत म्हाताऱ्या उरल्या. शेवटच्या वाड्यावरची एक बाई मेल्यावर तीन दिवसांनी सापडली. त्यानंतर ताराने ‘हाक’ सुरू केली. रोज सकाळी एका सभासद बाईने एकट्या राहणाऱ्यांच्या दारात जायचं आणि ‘आसा गो?’ म्हणून हाक मारायची. आतून उत्तर आलं की वहीत खूण करायची. “चा पिऊंक बसूं नाका,” तारा प्रत्येकीला बजावायची. “जाप मेळ्ळी की फुडें चलात.” जाप म्हणजे उत्तर. तरी बायका चहा प्यायच्याच.

वही ताराकडे. पेन दोऱ्याने वहीलाच बांधलेलं. कोणी गावाला जाणार असेल तर ताराला सांगून जायचं, म्हणजे त्या दारात हाक नको. परत आली, की तारा तिच्या नावापुढे लिहायची, ‘पावली’. आमच्याकडे पावली म्हणजे पोचली. घरी सुखरूप आली. मी सावंतवाडीला भाचीकडे पंधरा दिवस राहून आले तेव्हा ताराने तेच लिहिलं.

मंडळाच्या अध्यक्ष वसुधाबाई. निवृत्त शिक्षिका, मूळच्या बेळगावकडच्या, आता डिचोलीत राहतात. बाई चांगल्या. सभासद दीडशेवर गेल्या, ताराच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, तेव्हा त्यांनी फोनमधलं ते एआय आणलं. ताराने विरोध केला असं कोणी सांगत असेल तर ते खोटं. नळाला पाणी नाही म्हणून पंचायतीला लिहायचं पत्र तारा चार दिवस खोडत बसली होती. त्याने ते एका मिनिटात लिहिलं, आणि आठवड्यात पाणी आलं. तारा म्हणाली, “हाका म्हज्यापरस बरें येता.” याला माझ्याहून बरं येतं.

मग वसुधाबाईंनी वहीच्या पानांचे फोटो काढून त्याला दिले आणि सभासदांची यादी करायला सांगितली. यादी सुरेख झाली. हयात, गाव सोडलेल्या, मयत. पुस्तकी मराठीत माणूस मरण पावतो. यंत्राने पुस्तकं वाचली होती, आमच्या वाड्यावर ते कधी आलं नव्हतं. ज्यांच्यापुढे शेवटची नोंद नुसती ‘पावली’ होती अशा तिघींना त्याने मयतांत घातलं. शेवंती, सुशीला आणि मी. शेवंती फोंड्याला मुलाकडे जाऊन-येऊन असायची, सुशीला मुंबईला लेकीकडे. एकटी अशी मीच. वसुधाबाईंनी यादी वरवर पाहिली. दीडशे नावांत तीन नावं कोण बघतं? त्या आठवड्यापासून हाकेची यादी बायकांच्या फोनवर जाऊ लागली. नंदाला माझं नाव दिसलं नाही. तिने धरलं, की मी परत भाचीकडे गेले.

ताराला कळलं ते वेगळ्याच वाटेने. वार्षिक सभेत मयत सभासदांना श्रद्धांजली वाचतात. तीही यंत्राने लिहून दिली आणि चिटणिसाच्या सहीसाठी ताराकडे आली. त्यात माझं नाव पाहून ती फोन करत बसली नाही, उन्हातून चालत आली. इस्पितळात तिने मला तो कागद वाचून दाखवला. मी मनमिळाऊ होते, सर्वांना हवीहवीशी होते.

“इतली बरी तूं केन्ना आसलीस?” तारा म्हणाली.

मी हसले नाही. “तुझ्या अक्षराने मला मारलं,” मी म्हटलं.

“अक्षर बरें आसलें. उतर वायट पडलें.” उतर म्हणजे शब्द. मग म्हणाली, “पूण बरयलां तें हांवेंच.” लिहिलं ते मीच. एवढंच. माफी तिने कधी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही.

देवळाच्या मंडपात सभा झाली. वसुधाबाई रडल्या. ते यंत्र आजपासून बंद, म्हणाल्या. तारा उठली.

“रडूं नाका बाई. बरयलें हांवें, वाचलें ताणें, पळयलें ना तुमी. यंत्र बंद करून उरलेलीं दोगां सुदारतलीं?” लिहिलं तिने, वाचलं यंत्राने, पाहिलं नाही बाईंनी.

मग तिने ठराव लिहवून घेतला. पत्रं यंत्राला लिहू द्या, अर्ज भरू द्या, कोणाचं डोळ्यांचं ऑपरेशन कधी ते लक्षात ठेवू द्या. पण यादीतून नाव काढायचं असेल तर कोणीतरी त्या दारात जाऊन हाक द्यायची, आणि जाणारीने वहीत स्वतःची सही करायची. त्यानंतर तीन दुपारी ती वसुधाबाईंच्या शेजारी बसून यंत्राला आपले शब्द सांगत होती. पावली म्हणजे पोचली. पडून आसा म्हणजे आजारी. ‘भायर’ म्हणजे पाळी, चार दिवस देवळाच्या कामाला बोलावू नये. ते वसुधाबाईंनी यंत्राला कसं सांगितलं मला ठाऊक नाही. नंदा मात्र सहा महिने माझ्याशी बोलली नाही, जशी काही मीच तिच्या वाटेत पडले होते.

पुढच्या वर्षी ताराला पोटाचा कॅन्सर निघाला. पणजीला इस्पितळात तिला भेटायला गेले तेव्हा ती हाडांची मोळी झाली होती. माझ्या पायाचं विचारलं नाही.

“हाक चालू आसा मगो?”

“रोज,” मी म्हटलं.

ते खोटं होतं. त्या महिन्यात हाक एक दिवसाआड झाली होती, आणि बायका दारात न जाताच वहीत खूण करत होत्या. ताराने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला कळलं असं मला वाटतं. आठ दिवसांनी ती गेली.

आता मंडळाची समिती म्हणते, यंत्रच रोज सकाळी प्रत्येकीला फोन करील, आणि जी उचलणार नाही तिच्याकडेच जायचं. हे वाईट नाही. बायकांना घरं आहेत, कामं आहेत. पण मी सभेत एकच विचारलं : फोन उचलला नाही तर जाणारी बाई कोण, तिचं नाव सांगा. वसुधाबाई म्हणाल्या, पुढच्या सभेत ठरवू. दोन सभा झाल्या.

मयत लिहिलेल्या तिघींपैकी शेवंती गेल्या पावसात खरंच वारली. सुशीला मुंबईला लेकीकडे आहे, माणसं ओळखत नाही. मी माझ्या घरी एकटी राहते आणि काठी घेऊन चालते.