चांगुणा गोलात उभी राहिली

१९७५च्या मार्चमध्ये भारतानं हॉकीचा विश्वचषक जिंकला आणि जूनमध्ये आमच्या सेलूच्या कॉलेजात तेरा हॉकीस्टिक आल्या. प्राचार्य दिनकररावांनी फायनल रेडिओवर ऐकली होती. मुलांचा संघ काढायचं त्यांच्या मनात होतं, पण मुलं कबड्डी सोडायला तयार होईनात. स्टिक तर येऊन पडलेल्या. मग मुलींचा संघ काढायचं ठरलं.

कॉलेजात मुली एकोणीस. त्यातल्या चौघींची लग्नं ठरलेली, दोघींना मानवतला परत जायला चारची गाडी धरावी लागायची, एकीला जाड चष्मा होता आणि एकीनं तोंडावर नाही म्हटलं. उरल्या अकरा. हॉकीला अकराच लागतात हे कळल्यावर मुंजाजी सरांना फार बरं वाटलं. ते आमचे खेळाचे मास्तर. त्यांना कबड्डी येत होती, खो-खो येत होता आणि हॉकीच्या नियमांचं एक पुस्तक त्यांच्याकडे होतं. मी डावखुरी, म्हणून मला डाव्या बाजूला उभं केलं. हॉकीत डावखुऱ्यांसाठी वेगळी काठी नसते, हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं.

चांगुणा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. पहिल्या दिवशी सगळ्या जणी चेंडूपासून लांब पळत होत्या. एक चेंडू सुटून गटारीकडे निघाला, तो चांगुणानं पाय आडवा घालून थांबवला. पायानं चेंडू अडवायची परवानगी फक्त गोलकीपरला असते, हे सरांनी सकाळीच वाचलेलं. तिथल्या तिथं ती गोलकीपर झाली. ती बौद्ध वस्तीतली. कॉलेजच्या माठावर कुणी आधी पाणी प्यायचं यावरून कुरबुर करणाऱ्या दोघी-तिघी आमच्यात होत्या. गोलात उभं राहण्यावरून मात्र कुणी हरकत घेतली नाही. ती जागा कुणालाच नको होती.

स्टिकबरोबर पॅड आले नव्हते. चांगुणाचे वडील आश्रुबा जिनिंगमध्ये प्रेसवर कापसाच्या गाठी बांधायचे. त्यांनी चेंडूची चौकशी केली.

"केवढा असतो?"

तिनं मूठ दाखवली.

"कडक असतो का?"

"दगडासारखा."

"मंग तुला कोन सांगितलं त्येच्या मधी उभं राहायला?"

"सरानं."

"सराला लेकरं न्हाईत का?" आश्रुबा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तरटाची दोन पोती घेऊन बसले. त्यात त्यांनी झाडून काढलेली रुई ठासून भरली, चार ठिकाणी सुतळीनं आवळली आणि वर पट्टे शिवले. पॅड गुडघ्याच्या वर चार बोटं येत होते. ते बांधून चांगुणाला वळता येत नव्हतं, पण वळायची गरज फारशी नाही असं सर म्हणाले.

कपड्यांचा प्रश्न प्राचार्यांच्या खोलीत दीड तास चालला. शेवटी पुरुषांचा पांढरा लेंगा आणि वर भावाचा नाहीतर बापाचा सदरा, असं ठरलं. माझ्या आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. वडिलांनी सदरा दिला, तो जुना होता.

पहिली मॅच सप्टेंबरात परभणीला होती. आणीबाणी चालू होती. सेलू स्टेशनवर अकरा पोरी काठ्या घेऊन उभ्या बघून हवालदार आला.

"मोर्चा कशाचा हाय?"

"हॉकी हाय," सर म्हणाले.

"कुनाच्या विरोधात?"

सरांनी नियमांचं पुस्तक काढून दाखवलं. हवालदारानं पहिली चार पानं नीट वाचली आणि काठ्या गार्डाच्या डब्यात ठेवून जायला सांगितलं.

त्या दिवशी आम्ही अकरा-शून्यनं हरलो. परतीच्या गाडीत चांगुणानं डबा उघडला, ज्वारीची भाकरी आणि तिळाची चटणी. घरून मला बजावून सांगितलं होतं की तिच्या डब्यातलं खायचं नाही. अकरा गोल झाल्यावर माणसाला भूक लागते. मी दीड भाकरी खाल्ली. घरी कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

दुसरी मॅचही परभणीलाच, नांदेडच्या मुलींशी. त्या वर्षभर खेळलेल्या होत्या. मध्यंतरालाच पाच गोल झाले. नंतर एक चेंडू उसळून चांगुणाच्या तोंडावर बसला. ती खाली वाकली, तोंडातून रक्त थुंकली, हातात काहीतरी घेऊन बघितलं आणि लेंग्याच्या नेफ्यात खोचलं. तो तिच्या पुढच्या दाताचा अर्धा तुकडा होता. सर धावत आले.

"बस बाहेर."

"माझ्या जाग्यावर कोन येतंय?"

सरांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही दुसरीकडे बघितलं. ती परत उभी राहिली. उरलेल्या वेळात एकच गोल झाला.

हे शुक्रवारी घडलं. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते.

मुलगा पालमचा, पंडित नावाचा, शाळेत मास्तर. बरोबर त्याचे चुलते सूर्यभान. मुलगी खरंच कॉलेजात जाते याला साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं. चांगुणाची आई सरजाबाई सकाळपासून एकच सांगत होती, "तोंड मिटून बस. इचारलं तर मान हालव."

सूर्यभानांनी नाव विचारलं. मान हलवून नाव सांगता येत नाही.

"दाताला काय झालं?" ते लगेच म्हणाले.

"हॉकी खेळताना लागलं," चांगुणा म्हणाली. "मी गोलकीपर हाय."

सरजाबाईंनी चहा आत नेला, तो कुणी प्यायला नव्हता. तेवढ्यात पंडित पहिल्यांदा बोलला. "किती गोल आडवले?"

"झालेले लिहून ठेवतात. आडवलेले कुनी मोजत न्हाई."

"तरी अंदाजे?"

तिनं खरंच आठवून बघितलं. "तीसेक असतील. दोन मॅचमधी."

"लय झाले की," तो म्हणाला.

आठ दिवसांनी पत्र आलं. मुलगी चांगली आहे, पण इकडे जुळत नाही. अक्षर चुलत्याचं होतं. चांगुणा दोन दिवस कॉलेजला आली नाही. तिसऱ्या दिवशी पॅड बांधताना मला म्हणाली, "नर्मदे, चुलत्याचं काय न्हाई. पन त्यानं इचारलं कशाला? न इचारता गेला असता तर बरं झालं असतं." मग सरांनी शिट्टी वाजवली आणि ती गोलात जाऊन उभी राहिली.

तिसरी मॅच सेलूत, कापूसबाजाराच्या मोकळ्या जागेत. विद्यापीठानं तारीख दिली ती नोव्हेंबरची, आणि त्याच दिवशी कापसाच्या गाड्या यायला लागल्या. बाजाराचे भगवानराव म्हणाले, दोन वाजेपर्यंत जागा तुमची. गाड्या कडेनं उभ्या राहिल्या, गाडीवाले कापसावर चढून बसले. आम्हाला एवढं पब्लिक कधी मिळालं नव्हतं. समोर हिंगोलीच्या पोरी होत्या, आमच्याइतक्याच नवशिक्या. दोन्हीकडून भरपूर पळापळ झाली. मी तीन वेळा पडले, त्यातल्या दोनदा जवळपास कुणी नव्हतं.

संपायला पाच मिनिटं राहिली आणि गोलात शिरणारा चेंडू माझ्या पायाला लागला. परभणीहून आलेले पंच बन्सीधर यांनी हिंगोलीला पेनल्टी दिली. आता गोलात चांगुणा, समोर एक मुलगी, बाकी सगळ्या मागे. मुलीनं चेंडू जोरात ढकलला. चांगुणा डावीकडे पडली. धप्प आवाज आला, तरट फाटलं, रुई उडाली आणि चेंडू दिसेनासा झाला.

जाळ्यात नव्हता. मैदानात नव्हता. बन्सीधर गोलाच्या मागे जाऊन आले. गाडीवाले वरून दिशा दाखवत होते, प्रत्येक जण वेगळी. शेवटी चांगुणा बसल्या जागी म्हणाली, "सर, गुडघ्यापाशी टोचायलाय." पॅडमध्ये हात घालून पंचांनी चेंडू बाहेर काढला. हिंगोलीचे मास्तर म्हणाले, गोल द्या. मुंजाजी सरांनी पुस्तक काढलं. दोघांनी मिळून पंधरा मिनिटं वाचलं. पोत्यात शिरलेल्या चेंडूबद्दल त्यात काही नव्हतं. बन्सीधर म्हणाले, रेघ ओलांडली नाही, म्हणजे गोल नाही. मॅच शून्य-शून्य सुटली.

"कोन जितलं?" एका गाडीवाल्यानं मला विचारलं.

"कुनीच न्हाई."

"मंग एवढ्या पळाल्या कशाला?"

आम्ही चांगुणाला उचलायचा प्रयत्न केला, पण पॅडसकट ती फार जड झाली होती. मग तिच्याभोवती नुसत्याच उभ्या राहिलो. ती हसत होती. तोंड मिटायचं तिला सुचलं नाही.

आमच्या गटात चार संघ होते, आम्ही चौथे आलो. पुढच्या वर्षी पाच जणींची लग्नं झाली, त्यात मी होते. हॉकी बंद झाली.

चांगुणा बी.ए. झाली, बी.एड. झाली आणि एकोणऐंशीत एका खेड्यातल्या शाळेत लागली. गावाचं नाव सांगत नाही. तिथं ती एकटीच बाई. सातवीनंतर मुली शाळा सोडत, कारण शाळेला मुतारी नव्हती. हेडमास्तर म्हणाले, वर ऑफिसला लिहिलंय. चांगुणा रोज मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहायला लागली. बोलायची नाही, सुट्टी संपली की वर्गावर जायची. हेडमास्तरांना डबा खाता येईना. सतराव्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावला. भिंती झाल्या, दार झालं. चांगुणा परत जाऊन उभी राहिली.

"आता काय?" हेडमास्तर म्हणाले.

"कडी. आतल्या बाजूनं."

दिवाळीच्या आधी कडी बसली. पुढच्या जूनला आठवीत सहा मुली होत्या.