किल्ली न देणारा मेस्त्री

गिऱ्हाईक दिसलं की आमचा मेस्त्री तोंड फिरवायचा. नव्वदीच्या दशकात जे. पी. नगरच्या मागच्या रस्त्यावर त्याची पत्र्याची शेड होती. माणूस निपाणीकडचा, त्यामुळे त्या कानडी शहरात माझा पाणउतारा तरी मराठीत व्हायचा.

आनेकलला माझी रोपवाटिका होती. रोपं घेऊन मी स्वतःच जुनी पिकअप चालवत शहरात यायचे. गाडी उभी राहील तिथं तेलाचं थारोळं. दोन गॅरेजवाल्यांनी गॅस्केटं बदलून, वर पेस्ट फासून हात टेकले होते. मेस्त्रीनं बॉनेट उघडलं. "अक्का, ह्ये इंजिन हाय का भज्याची कढई?"

"तेल दिसतंय तिथनं गळत नसतंय," असं तो नेहमी म्हणायचा. इंजिन रॉकेलनं धुवून तो त्यावर टाल्कम पावडर मारायचा, गाडी चालू करायचा आणि पावडरीवर तेलाची ओली रेघ कुठून उमटते ते टक लावून बघत बसायचा. मध्येच कुणी बोललं तर पान्हा आपटायचा.

त्या दिवशी वरच्या झाकणातून तेल निघालं आणि थेट तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर टपकू लागलं. धूर झाला.

"पेट घील. गाडी हितंच ऱ्हाईल."

मला लग्नाच्या मांडवात कुंड्या पोचवायच्या होत्या. मी किल्ली मागितली, त्यानं ती खिशात घातली. भर रस्त्यात मी त्याला चोर म्हटलं, पोलिसांची धमकी दिली.

"बोलवा. त्यास्नी बी पाइप दावतो."

कुंड्या रिक्षांतून गेल्या. निम्म्या फुटल्या.

चार दिवसांनी गेले, तर त्यानं काजळीनं बुजलेली एक नळी माझ्या हातावर ठेवली. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी ती नळी बंद होती, म्हणून आतला दाब तेल बाहेर ढकलत होता.

"ह्येच्यापायी मला चोर म्हणलासा."

माफी मागायला हवी होती. "माझ्या कुंड्या फुटल्या," एवढंच मी बोलले.

पुढं सहा वर्षं मी गाडीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तो मात्र माझ्याशी बोलायचा ते गाडीकडे बघून.

रोपवाटिका विकून बेळगावला निघाले तेव्हा वाटेत शेडपाशी थांबले. मेस्त्री वाळला होता, खोकत होता.

"मेस्त्री, त्या दिवशी मी…"

तो उठला. वाकून इंजिनखाली हात फिरवला, बोटं निरखली.

"कोरडी हाय. मग आलासा कशाला?"

आणि आत निघून गेला. उरलेलं वाक्य तोंडातच धरून मी बेळगावपर्यंत गाडी चालवली.