टाकी भरून आणावी

फुमिए एबिहाराच्या आधी तिचा राग दुकानात पोचतो, असं जपानमधल्या हिताचिनाकाचे गाडीवाले म्हणत. ते हसत हसत म्हणत, पण तिच्यासमोर नाही.

ती वाढली बापाच्या पेट्रोल पंपावर. शाळा सुटली की टोपी चढवायची आणि काचा पुसायच्या. आपल्याकडून निघालेली गाडी काठोकाठ भरलेली असली पाहिजे, एवढा एकच धर्म बापाला ठाऊक होता. पुढे लोक स्वतःच्या हाताने पेट्रोल भरू लागले, पंप बंद पडला आणि बाप वर्षभरात गेला. फुमिए नेमोतोच्या गॅरेजात कामाला लागली. नेमोतो इंजिनं बांधायचा. टाकीपासून इंजिनापर्यंतचं सगळं, म्हणजे पंप, नळ्या, इंजेक्टर, हे तिने हळूहळू आपल्याकडे घेतलं आणि मग शेजारच्या गावात आपलं दुकान काढलं. शर्यतीच्या गाड्या मग दोघांकडे मिळून जात. इंजिन नेमोतोचं, पेट्रोल फुमिएचं. तिने दारावर पाटी लावली होती, ‘टाकी भरून आणावी’. रोलरवर, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवून तपासायच्या यंत्रावर, चढवलेली गाडी घटाघटा पेट्रोल पिते आणि अर्ध्या कामात कॅन घेऊन धावायला तिला वेळ नव्हता.

ओनुकी हे त्या दोघांचं गिऱ्हाईक. रताळी उकडून, कापून, वाळवून विकणारा माणूस. हिवाळाभर त्याच्या अंगणात जाळ्यांवर पिवळे काप वाऱ्याला पसरलेले असत. त्याच्याकडे सहा सिलिंडरची जुनी टर्बो गाडी होती आणि त्या गाडीशिवाय आयुष्यात त्याने कशाचाच हट्ट धरला नव्हता. नेमोतोने तिचं इंजिन जवळजवळ दुप्पट ताकदीचं केलं. तेवढ्या इंजिनाला पाजायचं म्हणून फुमिएने टाकीत मोठा पंप बसवला, त्याला बॅटरीपासून थेट जाड वायर दिली आणि इंजेक्टर बदलले.

गेल्या हिवाळ्यात शर्यतीच्या सर्किटवर त्या इंजिनाचा एक पिस्टन वितळला. कड मेणासारखी ओघळली होती.

नेमोतो म्हणाला, पेट्रोल कमी पडलंय, म्हणून इंजिन आतून एवढं तापलं. फुमिएने गाडी रोलरवर चढवली, पेट्रोलच्या दाबाचा काटा सगळ्यांना दिसेल असा लावला आणि गाडी किंचाळेपर्यंत पळवली. काटा खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी होता. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, “बघा, नेमोतो-सान. दोष पेट्रोलचा नाही, तुमच्या हातांचा आहे.”

नेमोतो ओनुकीच्या घरी गेला, उंबऱ्याशी गुडघे टेकून माफी मागून आला, आणि ते इंजिन त्याने पदरच्या पैशाने पुन्हा बांधून दिलं. नंतर त्याने फुमिएकडे काम पाठवणं बंद केलं. तिचा राग आणखी वाढला. चूक त्याची आणि रुसायचं त्यानेच?

या हिवाळ्यात ओनुकीचा फोन आला. पलीकडून तो इतका वेळ माफी मागत राहिला की फोन कशासाठी आहे हेच तिला कळेना. शेवटी कळलं ते असं, की सर्किटच्या शेवटच्या लांबलचक वळणावर इंजिन खोकलं आणि त्याने घाबरून पाय काढून घेतला. इंजिन शाबूत होतं. पण पुढच्या वेळी राहील याचा भरवसा नव्हता. तो म्हणाला, आधी नेमोतो-सानना दाखवू का?

“कुणालाही दाखवू नका,” ती म्हणाली.

म्हाताऱ्या नेमोतोने पुन्हा तेच केलंय, याबद्दल तिला शंका नव्हती. त्याने झाकाझाक करण्याआधी तिला पुरावा हवा होता. त्याच दुपारी ती न कळवता ओनुकीच्या अंगणात उभी राहिली. रताळ्यांच्या गोड वासाने तिला आणखी चीड आली. ओनुकी हात पुसत धावत आला, काप पुढे केले आणि म्हणाला, “एबिहारा-सान, जरा थांबता का? टाकी भरून आणतो. अशी कशी देऊ तुम्हाला? पाव टाकीसुद्धा नसेल.”

“किल्ली द्या.”

“नाही, पण तुमची पाटी...”

“पाटी गेली खड्ड्यात. किल्ली द्या.”

तिने काचेवर दाबाचा काटा चिकटवला आणि गाडी महामार्गाच्या जोडरस्त्यावर घातली. तो रस्ता शंखासारखा वळत चढतो. वळणावर तिने पाय दाबला. अंग एका बाजूला ओढलं गेलं आणि काटा पडला. हळू नाही, मेलेल्या पक्ष्यासारखा पडला. तिने पाय काढला. खाली येऊन ती पुन्हा चढली. तो पुन्हा पडला.

दाब म्हणजे पेट्रोल. पेट्रोल म्हणजे ती.

रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून ती बसून राहिली आणि मनात एकेक नाव काढत गेली. पंप बनवणाऱ्यांनी खराब माल विकला असेल. ओनुकीने दुसऱ्या कुणाकडून टाकी उघडून घेतली असेल. रागाला जायला जागा हवी होती आणि ती दारोदार हिंडत होती. मग तिने गाडीच्या डिकीतला गालिचा उचलला, टाकीचं झाकण सोडवलं आणि टॉर्च आत धरला.

टाकीच्या तळाशी एक छोटी वाटी असते. वळणावर सगळं पेट्रोल एका अंगाला पळालं तरी वाटीतलं तिथेच राहतं, आणि पंप जिच्यातून पेट्रोल ओढतो ती जाळी त्या वाटीत बुडालेली असावी लागते. इथे जाळी वाटीच्या काठावरून बाहेर वळली होती. टाकी भरलेली असेतो काही बिघडत नव्हतं. पेट्रोल अर्ध्याखाली गेलं की प्रत्येक वळणावर पंप हवा ओढत होता. तिच्या दुकानात मात्र ही गाडी भरल्या टाकीशिवाय कधी आलीच नव्हती. पुरावा म्हणून तिने जो काटा मिरवला तो भरल्या टाकीवरचा होता.

पंप धरून ठेवणाऱ्या पट्टीचं टोक आत मुडपलेलं होतं, कुणाचं बोट कापू नये म्हणून. तसं फक्त ती मुडपते. त्या दिवशी मोठा पंप वाटीत नीट बसत नव्हता आणि नेमोतो लवकर कर म्हणून सारखा फोन करत होता. म्हणजे दोष त्याचाच, असं क्षणभर तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

ती तशीच नेमोतोच्या गॅरेजला गेली. म्हातारा एका मोपेडचं चाक काढत बसला होता. सिलिंडर घासायचं मोठं यंत्र जिथे असे, तिथे फरशीवर फिकट चौकोन होता.

“यंत्र कुठे गेलं?”

“विकलं. हात बिघडलेत ना माझे. तूच सांगितलंस चारचौघांत.” त्याने वर पाहिलं नाही. “तुला काय हवंय?”

“पेट्रोल होतं,” ती म्हणाली. “जाळी मी वाकडी बसवली होती. गेल्या वर्षीही तेच होतं. तुमचा हात चुकला नव्हता.”

पाना थांबला. नेमोतोने दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले आणि दुसऱ्याचे असावेत तसे उलटसुलट करून पाहिले.

“वर्षभर,” तो म्हणाला, “ओनुकीचं सोडून एकही इंजिन बांधलं नाही मी. मोजपट्टी धरली की तेच माप दहादा घ्यायचो. बायकोला म्हणालो, झालं आपलं.”

“मग तुम्ही भांडला का नाही? माझं ऐकलंच का?” ती त्याच्यावरच चिडली.

“तू म्हणत होतीस म्हणून ऐकलं. पेट्रोलच्या बाबतीत तुझं ऐकायचं, हे मी वीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं.”

तिने पाय जुळवले आणि कमरेत वाकू लागली.

“वाकू नकोस,” नेमोतो म्हणाला. “तू वाकलीस की मला माफ करावं लागेल. मला ते करायचं नाही. मला आज रागवायचंय. सरळ उभी राहा.”

ती सरळ उभी राहिली. म्हाताऱ्याने पाना बाजूला ठेवला, चिंध्यांनी हात पुसले, आणि सुरुवातीपासून, ती त्याच्याकडे पहिल्यांदा कामाला आली त्या दिवसापासून, बोलायला लागला.