हॉलमधल्या समुद्राचा राउंड

निगडीत प्राधिकरणातल्या एका बंगल्यात मी खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी बसवायला गेलो होतो. टाकी भिंतीएवढी, तिचे पाइप, पंप, फिल्टर सगळं माझ्याकडं. साहेब चाकणच्या एका कंपनीतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, रोज निवांत मासे बघत बसा, बीपी उतरेल.

निवांत कसलं! साहेबांनी आधी टाकीभोवती फरशीवर पिवळे पट्टे मारून घेतले. मग प्रत्येक पाइपवर बाण काढायला लावले. पंपाला लाल इमर्जन्सी बटण. खारं पाणी तयार झाल्यावर मी दगडांवर जिवंत पोवळी बसवली, तर म्हणाले, "ही दिवसभर नुसती बसूनच असतात?"

"व्हय साहेब."

त्यांचा चेहरा पडला.

मग मासे सोडले. दुसऱ्या दिवशी साहेब हात मागं बांधून राउंडला आले. ते दिसताच सगळे मासे दगडांमागं पळाले. साहेब पहिल्यांदाच हसले.

"बघितलंस? कंपनीतही अगदी असंच. मी आलो की एकही माणूस रिकामा बसलेला दिसायचा नाही."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पाना उचलला आणि टाकीच्या मागं गेलो.