गज जिथे अडला

९ मार्च १९८३, सकाळी पावणेअकरा. लातूरच्या बंदुकीच्या दुकानात मी आणि आप्पा उभे होतो आणि दुकानदार आमच्या ठासणीच्या बंदुकीकडे न पाहता नव्या बंदुकांची स्तुती करीत होता.

त्या दुष्काळात रेणापूरजवळच्या आमच्या शिवारात हिरवे म्हणावे असे एवढेच उरले होते: विहिरीकाठचा आमचा उन्हाळी भुईमूग. रानडुकरांच्याही हे ध्यानात आले होते. आप्पा लिंगायत, मुंगीलाही वळसा घालणारे. त्यांना बंदूक हवी होती ती केवळ आवाजासाठी, नळी आभाळाकडे करून. परंतु आजोबांच्या म्हातारपणी कित्येक वर्षे न वाजलेली ती बंदूक आप्पांच्या पहिल्याच बाराला नुसती फुसफुसली. डुकरांनी मान वर करून पाहिले आणि खाणे पुढे चालू ठेवले. त्यातच जिल्हा नवा झाल्याने परवाना उस्मानाबादेहून लातूरला आणायचा होता. बंदूक चालू स्थितीत दाखवा, नाही तर जमा करा, असे नव्या कचेरीने बजावले होते. बंदूक गेली की भुईमूगही गेला.

“स्प्रिंग गेली. भंगारात घाला,” दुकानदार म्हणाला.

“स्प्रिंग तुम्ही पाहिली केव्हा?” मी विचारले.

“ताई, आम्हाला नुसतं बघून कळतं.”

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय पदार्थविज्ञान. जो मोजत नाही, त्याच्या निदानावर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा निकष मी बाहेर येताच आप्पांना सांगितला.

“जावई बी मोजूनच घेणार का?”

“त्याला तर आधी.”

दुसऱ्या दिवशी बंदूक धोतरात गुंडाळून, तिथल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवायला, आम्ही नांदेडची एस.टी. पकडली. गाठोड्यात काय आहे, असे कंडक्टरने विचारले, तेव्हा आप्पांनी परवाना पुढे केला. त्यानंतर नांदेडपर्यंत आमच्या बाकावर तिसरे कोणी बसले नाही.

नांदेडचा कारागीर जाड मिशांचा आणि स्वतःवर फार खूश होता. पण त्याने पहिल्यांदा नळीत लोखंडी गज घातला, तो अडला तिथे खडूने खूण केली आणि मग तोच गज नळीला बाहेरून लावून पाहिला. नळीच्या बुडापर्यंत चार बोटे अंतर उरत होते. माझ्या दृष्टीने मोजणाऱ्या माणसाचा शोध तिथेच संपला.

त्याने नळीत पाणी ओतले, बूड खोलले आणि आतला ऐवज परातीत काढला. आप्पांनी ठासलेली दारू, तिच्याखाली हळदीकुंकवाचा घट्ट थर, अक्षता आणि सुपाऱ्या.

“मालक, ही बंदूक हाय का देव्हारा?”

“खंडेनवमीला पूजा असती,” आप्पा म्हणाले. “सुपारी वाहावी लागती.”

“वाहावी ना. पोटात कशाला घालायची?”

“वर ठेवली की गडगडती.”

“म्हणजे ठिणगी खाली, दारू वर अन् मधे तुमची भक्ती. वाजंल कशी?”

“मी तर उद्या दुप्पट दारू ठासणार होतो,” आप्पा हळू आवाजात म्हणाले.

“मग डुकरं राहिली असती. तुमी न्हाई.”

परतीच्या वाटेवर आप्पा बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होते. कारागिराने निघताना एक लाकडी बूच दिले होते: नळीला हे लावायचे, कुंकू याला वाहायचे.

कचेरीने बंदूक मान्य केली. पहिल्याच बाराला डुकरे पसार झाली. शेजाऱ्यांच्या म्हशीने मात्र दोन दिवस दूध दिले नाही.

दसऱ्याला मी एम.एस्सी.च्या सुट्टीत घरी आले, तेव्हा पूजा आटोपली होती. बूच शेजारी पाटावर स्वतंत्रपणे पुजलेले होते.

“तोंडाला बूच लावल्यावर देवाला पोचायचं कसं?” आई म्हणाली.

आप्पांनी ठासणीचा गज माझ्या हाती दिला. मी तो आत घातला, खूण केली, बाहेरून लावून पाहिला. उरलेले अंतर: २.१ सेंटीमीटर.