तावेर्नातला होकार

चैत्र उतरणीला लागला की पणजीच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांना दुपारच्या उन्हात एक गोडसर, किंचित आंबलेला वास येऊ लागतो. तो उर्राकाचा वास. काजूच्या बोंडूंच्या रसाची ही पहिल्या धारेची दारू दोनतीन महिने मिळते आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिचं नाव निघत नाही. मी तिला कधी शिवलेले नाही, पण त्या वासाने मला बाबा आठवतात, कारण कचेरी सुटल्यावर पेडण्याची बस धरण्याआधी ते इथल्या एका तावेर्नात, म्हणजे दारूच्या जुन्या गुत्त्यात, शिरत, एक कोप घेत, एकच, आणि कॉलेजात शिकणारी मी बाहेरच्या सोप्यावर पुस्तक उघडून त्यांची वाट पाहत बसे. कोप म्हणजे नुसता पेला, पण आमच्याकडे कोप म्हटलं की आत काय असणार हे विचारावं लागत नाही. बाबा बाहेर यायच्या आधी तो वास बाहेर येई, आणि मी पुस्तक मिटत असे.

यंदा मात्र मीच त्यांना घेऊन त्या दारात उभी होते. दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून बाबांची वाचा गेली आहे. चालतात, हात धरला तर. डोळ्यांत ओळख असते, कधी रागही असतो, पण शब्द नाही. त्या दिवशी डॉक्टरांकडून परतताना गाडी त्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि बाबांनी काचेवर बोटं आपटली, इतक्या हट्टाने की मला थांबावंच लागलं. डॉक्टर मघाशीच म्हणाले होते की अशा माणसांचं एखादं पाठ असलेलं वाक्य अवचित बाहेर पडतं, त्यात फार अर्थ शोधू नका. मी मान डोलावली होती. पण अर्थ शोधण्यावाचून मला दुसरं काम उरलं नव्हतं.

कारण सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं. आमच्या घरामागची काजूची डोंगरी विकायचं पुण्याच्या भावाने ठरवलं आहे, आणि त्याचं चुकतंय असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. बोंडू वेचायला माणसं मिळत नाहीत, दारूची भाटी केव्हाच विझली आहे, आणि विमानतळ झाल्यापासून आमच्या बाजूच्या उघड्या कातळालाही भाव आला आहे. डोंगरी मात्र अजून बाबांची आहे. वकील म्हणाले, त्यांनी आपणहून होकार द्यायला हवा, मान हलवली तरी चालेल. भाऊ फोनवर म्हणाला, मग हलवतील की. मला मात्र भीती वाटत होती ती त्याच मानेची, जी जेवण पुढे केलं तरी हलते आणि पंखा लावू का विचारलं तरी हलते.

आणि डोंगरीच्या माथ्यावर राखणदार आहे. एक धोंडा, बाकी काही नाही. दर वर्षी काजूचा हंगाम संपताना तिथे नारळ, रोट आणि दारूची बाटली ठेवून बाबा गाऱ्हाणं घालत. सगळं घर मागे हात जोडून उभं राही, बाबा एकेक मागणं खड्या आवाजात मागत, आणि प्रत्येक मागण्यावर आम्ही सारे एका सुरात म्हणायचो, व्हय म्हाराजा. गावावर लक्ष ठेव, व्हय म्हाराजा. गुरावासरांना सांभाळ, व्हय म्हाराजा. लहानपणी मला वाटे की देवाशी बोलण्याचा मक्ता बाबांकडे आहे आणि आपलं काम फक्त हो म्हणण्याचं. ते काम फार सोपं होतं.

इतकी वर्षं मी ज्या तावेर्नाच्या बाहेर बसले, ते आतून इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं. चार टेबलं, वेताने मढवलेल्या काचेच्या बरण्या, भिंतीवरच्या क्रूसाखाली मिणमिणता तांबडा दिवा, आणि जमिनीवर जुन्या लाद्या, भिंतीकडच्या कडेला काळवंडलेल्या. गल्ल्यावरचा जुवांव आता म्हातारा झाला आहे. त्याने बाबांना पाहिलं आणि कोपऱ्यातली खुर्ची पुसली. त्याच टेबलाशी शाबीमामा बसले होते. ते चोपड्याचे; शापोरा नदीवर पूल व्हायच्या आधी तिथल्या फेरीबोटीवर होते, आणि बाबांचे या टेबलावरचे जन्माचे सोबती. त्यांनी बाबांचा निर्जीव हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"बाय, तू पयल्यांदाच भितर आयलीस मगो," ते मला म्हणाले.

जुवांवने बाबांच्या पेल्यात नुसता सोडा ओतला, वर मीठ आणि लिंबू, दिसायला अगदी उर्राकासारखा. या फसवणुकीचा मला त्याही क्षणी राग आला, आणि त्याचे आभारही मानावेसे वाटले. बाबा पेल्याकडे पाहत राहिले. मी शाबीमामांना हळू आवाजात सोमवारचं सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायचं होतं, आणि घरी सांगण्यासारखं कुणी नव्हतं. त्यांनी आपल्या कोपात बोट बुडवलं आणि भिंतीकडच्या त्या काळवंडलेल्या कडेवर थेंब शिंपडला. पेडण्याकडची माणसं इथे पहिला घोट घेण्याआधी तसं करतात, राखणदाराचा वाटा म्हणून. लाद्या कशाने काळवंडल्या ते मला तेव्हा समजलं. मग शाबीमामांनी डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा राखणदारा, हो तुजो मान तू घे. ह्या लेकरांक सुखरूप घराक पावय रे म्हाराजा."

शेजारच्या टेबलावरचे दोघे सवयीने पुटपुटले, व्हय म्हाराजा.

"आनी ही लेकरां तुजी डोंगरी दुसऱ्याच्या हातात दिवची म्हणतत. तां काम विघ्नाबगर पार पाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तो आवाज बाबांचा होता. स्वच्छ, खणखणीत, दिवाळीच्या आधीचा. जुवांव हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला. शाबीमामांनी डोळे उघडले, आणि ते भरून आलेले होते. शेजारच्यांनी उठून बाबांच्या पाठीवर हात ठेवला, जुवांवने कुणी न मागता सगळ्यांचे पेले भरले, आणि त्या आनंदात मी एकटी घाबरून बसले होते. कारण होकार मिळाला होता. चार साक्षीदारांसमक्ष, नीट शब्दांत. भावाला एवढं पुरलं असतं, वकिलालाही कदाचित.

निघताना मी राखणदारासाठी बाटली विकत घेतली, जशी बाबा घेत.

शापोरा नदीवरच्या पुलावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि भरतीचं पाणी खारफुटीत शिरत होतं. खाली पूर्वीच्या फेरीचा धक्का दिसत होता. बाबा तिकडे पाहत होते. मला राहवलं नाही. मी गाडी पुलाच्या टोकाशी कडेला घेतली आणि त्यांच्याच गाऱ्हाण्याच्या चालीवर म्हटलं, ती डोंगरी आमच्याच हातात राहू दे रे म्हाराजा.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले. तोच आवाज, तीच खात्री.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. डॉक्टर बरोबर होते, असं म्हणून रडावं की हसावं ते कळेना. पाठ असलेलं वाक्य, दुसरं काय. आणि मग एक गोष्ट ध्यानात आली, जी इतकी उघड होती की तावेर्नात मला कशी सुचली नाही याचंच नवल वाटलं. बाबांना हे वाक्य पाठ असण्याचं कारणच नव्हतं. गाऱ्हाणं घालणारा व्हय म्हणत नाही. माझ्या आठवणीत त्या धोंड्यासमोर ते नेहमी पुढे उभे असत, मागत असत. व्हय म्हणणारे मागे आम्ही असू.

आज ते मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते, आणि पुढे मी होते.

मी गाडी सुरू केली. बाटली बाबांच्या मांडीवर होती आणि त्यांनी ती चांगल्या हाताने घट्ट धरली होती. रविवारी त्यांना डोंगरीवर न्यायचं आहे. तिथे काय मागायचं ते मला अजून ठाऊक नाही, आणि मी काहीही मागितलं तरी बाबा व्हय म्हणणार आहेत.